मणक्यातल्या गाठीचं ऑपरेशन झालेलं मूल घरी आणताना

मी पुण्यात लहान मुलांची फिजिओथेरपी करते. मज्जारज्जूतली गाठ काढलेलं मूल आमच्याकडे येतं तेव्हा आईबाबा, आजी, बरोबर आलेला मामा, सगळे एकच विचारतात: ‘चालायला कधी लागेल?’ प्रश्न साहजिक आहे. पण वर्षभरानंतर मुलाची तब्येत कशी असेल हे ज्यांवर ठरतं, त्या तीन गोष्टी सहसा कुणी विचारत नाही. मूत्राशय पूर्ण रिकामं होतंय का? बधिर भागावरची कातडी शाबूत आहे का? पाठीचा कणा सरळ वाढतोय का? पाय सुधारत असताना या तिन्हींकडे दुर्लक्ष झालं तर किडनीला इजा होते, जखमा चिघळतात, पाठीला बाक येतो आणि चालायला लागलेलं मूल पुन्हा अंथरुणाला खिळतं. म्हणून या लेखात पायांचा नंबर थोडा उशिरा लागेल.

सोलापूर, सातारा, बीड, अहिल्यानगरकडून ऑपरेशनसाठी पुण्यात आलेली आणि हे सगळंच नवं असलेली कुटुंबं डोळ्यांसमोर ठेवून लिहिते आहे. तुमच्या सर्जननी यातलं काही वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका. मुलाची पाठ त्यांनी आतून पाहिलेली आहे.

आधी हे समजून घ्या

मुलांमध्ये मज्जारज्जूच्या आत होणाऱ्या गाठी बहुतांशी सावकाश वाढणाऱ्या असतात. त्यांत अ‍ॅस्ट्रोसायटोमा सर्वात जास्त आढळतो. गाठ काढायची तर मज्जारज्जूत मागच्या बाजूने, मधोमध शिरावं लागतं. नेमक्या तिथूनच ‘माझा पाय आत्ता कुठे आहे’ ही जाणीव मेंदूकडे नेणारे तंतू जातात. शिवाय ऑपरेशननंतर मज्जारज्जूला सूज येते. त्यामुळे आपल्या पायांनी दवाखान्यात आलेलं मूल ऑपरेशननंतर पाय उचलू शकत नाही, असं होऊ शकतं. घरच्यांच्या पायाखालची जमीन सरकते. हा अशक्तपणा बऱ्याचदा तात्पुरता असतो आणि काही आठवड्यांत, काही महिन्यांत उतरत जातो. किती उतरेल हे बरंचसं ऑपरेशनआधी मुलात किती ताकद होती यावर अवलंबून असतं.

सर्जनना दोन गोष्टी जरूर विचारा. ऑपरेशन चालू असताना नसांचे सिग्नल तपासत असतात. हातपाय हलवणारे सिग्नल शेवटपर्यंत टिकले होते का? टिकले असतील तर अशक्तपणा तात्पुरता असण्याची शक्यता जास्त. दुसरी गोष्ट, मणक्यांची मागची कमान काढून टाकली की पुन्हा जागेवर बसवली? काढून टाकण्याला लॅमिनेक्टॉमी म्हणतात, परत बसवण्याला लॅमिनोटॉमी किंवा लॅमिनोप्लास्टी. पाठीला पुढे बाक येण्याचा धोका पहिल्या प्रकारात अधिक असतो. हे उत्तर लिहून ठेवा, पुढे लागणार आहे.

पायरी १ : डिस्चार्जच्या आधी काय काय शिकून घ्यायचं

डिस्चार्जचा कागद हातात पडण्याआधी घरातल्या दोन माणसांना या गोष्टी स्वतःच्या हाताने करता आल्या पाहिजेत. नुसतं बघून भागत नाही. एकट्या आईला शिकवलं आणि तिलाच ताप आला तर घर अडून बसतं, म्हणून दोन माणसं.

कुशीवर वळवणं सर्वात आधी. डोकं, खांदे आणि कंबर एका रेषेत ठेवून, ओंडका फिरवावा तसं मूल एकदमच वळवायचं. खांदा आधी आणि कंबर नंतर असं केलं की पाठीला पीळ बसतो. मूल मोठं असेल तर तीन माणसं लागतात. काखेत हात घालून ओढत बसवायची आपल्याकडची सवय पूर्ण बंद.

मग पलंगावरून खुर्चीत नेणं, नळीने लघवी काढणं, बधिर भागाची कातडी तपासणं आणि औषधांचं वेळापत्रक. सूज उतरण्यासाठी डेक्सामेथासोनसारखं स्टेरॉइड चालू असेल तर ते हळूहळू कमी करत बंद करायचं असतं. औषध संपलं म्हणून परस्पर थांबवू नका. या काळात मूल सारखं खायला मागतं, चिडतं, रात्री झोपत नाही, चेहरा गोल दिसायला लागतो. हे औषधामुळे होतं आणि औषध उतरलं की जातं. मुलाला हट्टी ठरवून रागावू नका.

फाइलमध्ये काय हवं: डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनची नोंद, गाठीचा पॅथॉलॉजीचा रिपोर्ट, ऑपरेशनआधीच्या आणि नंतरच्या एमआरआयच्या सीडी. पॅथॉलॉजी विभागात गाठीच्या तुकड्याचे ब्लॉक आणि स्लाइड ठेवलेल्या असतात. मुंबईत टाटाला किंवा आणखी कुठे दुसरं मत घ्यायचं ठरलं तर त्या मागितल्या जातात. त्या कशा मिळतील एवढं आत्ताच विचारून घ्या.

पायरी २ : घर तयार करणं

मुलाला सपाट झोपवता येईल असा घट्ट गादीचा पलंग, संडासासाठी कमोडची खुर्ची आणि व्हीलचेअर. पहिले काही महिने या वस्तू भाड्याने घ्या. सर्जिकलच्या दुकानांत त्या महिन्याच्या भाड्याने मिळतात. मुलाची गरज इतकी भराभर बदलते की घाईने विकत घेतलेली खुर्ची दिवाळीपर्यंत निरुपयोगी होते. मोठ्या माणसाच्या मापाची व्हीलचेअर मुलाला देऊ नका. त्यात मूल एका अंगावर कलून बसतं आणि पाठ वाकडी होते.

पेठेतल्या जुन्या वाड्यात किंवा लिफ्ट नसलेल्या सोसायटीत वरच्या मजल्यावर राहत असाल तर दोन-तीन महिन्यांसाठी तळमजल्यावर, नातेवाइकांकडे का होईना, सोय करता येते का बघा. रोज फिजिओला नेताना मुलाला उचलून जिने चढणं-उतरणं तुमच्याही कंबरेला झेपत नाही.

बाहेरगावचं कुटुंब असेल तर डिस्चार्ज मिळाला की लगेच गाव गाठू नका. टाके निघेपर्यंत आणि पहिल्या तपासणीपर्यंत पुण्यातच थांबणं शहाणपणाचं. गावी जाताना गाडी सावकाश, गतिरोधकावर तर अगदीच हळू, आणि दर तासा-दीड तासाने थांबून मुलाची बैठक बदलायची. अ‍ॅक्टिव्हावर दोघांच्या मध्ये बसवून नेणं सर्जन परवानगी देईपर्यंत अजिबात नको.

पायरी ३ : पहिले सहा आठवडे, आणि कधी धावत जायचं

या काळात वाकणं, पाठीला पीळ देणं, वजन उचलणं, उड्या मारणं बंद. किती दिवस ते सर्जन ठरवतात; साधारण सहा आठवडे ते तीन महिने. मानेच्या मणक्यांचं ऑपरेशन असेल तर कॉलर, छाती-कंबरेचं असेल तर पट्टा दिला जातो. तो सांगितलेले सगळे तास घालायचा.

जखमेवर हळद, तेल, अंगारा, काहीही लावू नका. आजीला वाईट वाटेल, तरी ठामपणे सांगा. पाठीला मालिश नको आणि हाडवैद्याकडे तर अजिबात जायचं नाही. या मुलाच्या मणक्यांवर कुणी दाब दिला तर जे नुकसान होईल ते भरून निघणार नाही.

पुढचं काहीही दिसलं तर ओपीडीच्या वाराची वाट बघू नका, लगेच निघा:

- जखमेतून पाण्यासारखा पातळ द्रव झिरपणं, किंवा जखमेखाली मऊ फुगा येणं. हा मेंदू-मज्जारज्जूभोवतीचा द्रव असू शकतो.
- बसवलं की डोकं दुखणं, आडवं केलं की थांबणं.
- ताप, उलट्या, मान ताठ होणं, मूल सुस्त पडणं.
- काल हलत असलेला हात किंवा पाय आज न हलणं.
- लघवी पूर्ण अडणं.
- श्वास उथळ होणं, विशेषतः मानेचं ऑपरेशन असेल तर.

वाहन नसेल तर १०८ ला फोन करा. अ‍ॅम्ब्युलन्सवाल्यांना पहिल्याच वाक्यात सांगा की मुलाच्या मणक्याचं ऑपरेशन झालं आहे, म्हणजे ते उचलताना काळजी घेतील.

पायरी ४ : लघवी

इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण सर्वात मोठं आणि सर्वात उशिरा कळणारं नुकसान इथेच होतं.

मज्जारज्जूला धक्का बसला की मूत्राशय भरल्याचा निरोप वर जात नाही, किंवा ‘आता सोड’ हा हुकूम खाली येत नाही. कधी मूत्राशय ढिलं पडतं, कधी आकसतं पण खालचं तोंड उघडत नाही. आत दाब वाढत जातो आणि लघवी उलटी किडनीकडे चढते. हे दुखत नाही. मूल हसत-खेळत असताना किडनीवर परिणाम होत राहतो.

हमखास फसवणारी गोष्ट म्हणजे चड्डी सतत ओली राहणं. घरच्यांना वाटतं, लघवी होतेय, मग काळजी कसली? खरं तर काठोकाठ भरलेल्या मूत्राशयातून फक्त वरचं सांडत असतं. म्हणून लघवी झाल्यावर सोनोग्राफी करून आत किती उरली आहे ते बघायला सांगा. त्याबरोबर किडनीची सोनोग्राफी आणि गरजेप्रमाणे मूत्राशयाचा दाब मोजणारी युरोडायनॅमिक तपासणी. मुलांच्या युरोलॉजिस्टना किंवा पीडियाट्रिक सर्जनना पहिल्या काही आठवड्यांतच एकदा दाखवा, तक्रार नसली तरी.

मूत्राशय रिकामं होत नसेल तर दिवसातून ठरावीक वेळा बारीक नळी घालून ते रिकामं करायचं आणि नळी काढून टाकायची. जॅक लॅपिडीस या अमेरिकन युरोलॉजिस्टनी १९७२ मध्ये ही पद्धत मांडली आणि तिच्यामुळे जगभरात असंख्य मुलांच्या किडन्या वाचल्या. मला सर्वात जास्त समजूत इथेच घालावी लागते. आईबाबांना वाटतं नळी म्हणजे कायमचं आजारपण. पण नळीवर असलेलं मूल कोरडं राहतं, शाळेत जातं, पोहायलाही जातं. नळी टाळलेल्या मुलाला मात्र पुन्हा पुन्हा ताप येत राहतो.

करायचं असं. साबणाने हात नीट धुवा, मुलाची लघवीची जागा पाण्याने स्वच्छ करा, नळीला पाण्यात विरघळणारी जेली लावा. लघवी वाहायला लागेपर्यंत नळी हलक्या हाताने आत सरकवा, प्रवाह थांबल्यावर सावकाश बाहेर काढा. जोर कधीच लावायचा नाही. अडली तर क्षणभर थांबा, मुलाला खोकायला सांगा, पुन्हा बघा. दिवसा साधारण दर तीन-चार तासांनी. नळीचा आकार डॉक्टर ठरवतील; तीच नळी धुऊन परत वापरायची की दर वेळी नवी, तेही तेच सांगतील. रबरी नळीऐवजी लॅटेक्स नसलेली मागा, कारण सतत नळी लागणाऱ्या मुलांना पुढे लॅटेक्सची अ‍ॅलर्जी होऊ शकते.

एक वही करा: वेळ, किती मिली निघाली, मध्ये कपडे ओले झाले का. मुलाच्या मूत्राशयात साधारण किती मावतं याचा सोपा हिशोब आहे: वयात एक मिळवा आणि ३० ने गुणा. सहा वर्षांच्या मुलाचं उत्तर २१० मिली येतं. नळीने दर वेळी त्याहून जास्त निघत असेल तर मधलं अंतर फार होतंय. ही वही बघून डॉक्टरांना कळतं तेवढं तोंडी सांगण्याने कळत नाही.

चड्डी ओली होऊ नये म्हणून पाणी कमी पाजू नका. लघवी दाट होते, जंतुसंसर्ग होतो, शौचही कडक होतं. मूत्राशय शांत ठेवण्यासाठी ऑक्सिब्युटिनिन दिलं असेल तर तोंड कोरडं पडतं आणि घाम कमी येतो. पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये अशा मुलाला दुपारी बाहेर काढू नका, अंग तापतं. आणि लघवीच्या कल्चरमध्ये जंतू दिसले पण ताप नाही, वास किंवा रंग बदललेला नाही, पोट दुखत नाही, तर प्रत्येक वेळी अँटिबायोटिक लागतंच असं नाही. डॉक्टरांना तसं विचारा.

हात चांगले असतील तर सहा ते आठ वर्षांचं मूल हळूहळू स्वतः नळी घालायला शिकतं. लवकर शिकवा. बारा वर्षांच्या मुलीला शाळेत आईची वाट बघत बसावं लागणं तिच्यासाठी फार कठीण असतं.

छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीला किंवा त्याच्या वर इजा असलेल्या मुलांच्या घरच्यांनी आणखी एक गोष्ट पाठ करून ठेवावी. अचानक डोकं ठणकणं, चेहरा लाल होणं, वरच्या भागाला दरदरून घाम आणि ब्लड प्रेशर चढणं ही तातडीची वेळ आहे. मुलाला लगेच बसतं करा, कपडे आणि पट्टे सैल करा, मूत्राशय रिकामं करा. तुंबलेली लघवी किंवा साचलेलं शौच हे बहुतेक वेळा कारण असतं. पटकन उतरलं नाही तर दवाखाना गाठा. मुलाचं नेहमीचं ब्लड प्रेशर फाइलवर लिहून ठेवलं तर वाढलंय की नाही हे तिथल्या डॉक्टरांना समजतं; मुलांमध्ये वरचा आकडा नेहमीपेक्षा १५ ने वाढला तरी ते महत्त्वाचं.

पायरी ५ : शौच

जेवणानंतर आतडं आपोआप हलतं, त्याचा फायदा घ्यायचा. रोज एकाच जेवणानंतर वीस-तीस मिनिटांनी मुलाला कमोडवर बसवा, पाय पाटावर टेकलेले हवेत. भाकरी, पालेभाजी, पपई, भिजवलेल्या मनुका आणि भरपूर पाणी. त्याने भागलं नाही तर डॉक्टर पातळ औषध किंवा पावडर देतील. ती रोज घ्यायची असते, आठवड्यातून एकदा नव्हे. घडी बसायला वेळ लागतो. या मुद्द्यावर बोलायला लोक संकोचतात. फिजिओला नाही तर नर्सला तरी सांगा.

पायरी ६ : बधिर कातडी

अंथरुणात दर दोन तासांनी कूस बदला. व्हीलचेअरवर दर पंधरा-वीस मिनिटांनी पुढे झुकून किंवा हातांवर जोर देऊन बूड उचलायला शिकवा. रोज आंघोळीच्या वेळी माकडहाड, ढुंगण, टाचा, घोटे बघायचे. मोठ्या मुलाच्या हातात आरसा द्या, त्याला स्वतःला बघू दे. दाबल्यावरही न जाणारा लालसर किंवा काळपट डाग दिसला की त्या जागेवर वजन पूर्ण बंद.

भाजणं हा आपल्या घरांतला मोठा धोका. पाय गार पडले म्हणून गरम पाण्याची पिशवी, वाळूचा शेक, निखाऱ्याची शेगडी, काहीच नको. मुलाला चटका कळत नाही आणि मोठा फोड येतो. आंघोळीचं पाणी कोपराने तपासा. मोटरसायकलचा सायलेन्सर, उन्हात तापलेली फरशी आणि मांडीवर ठेवलेलं गरम ताट यांच्यापासून सांभाळा. देवळात अनवाणी जायचं असेल तर सकाळी लवकर जा, किंवा मोजे घाला.

पायरी ७ : आता पाय

सुरुवातीला व्यायाम म्हणजे सांधे मोकळे ठेवणं. घोटा, गुडघा, खुबा, आणि मानेचं ऑपरेशन असेल तर बोटांपासून खांद्यापर्यंत, दिवसातून दोनदा हळूहळू पूर्ण फिरवायचे. पोटरी ताणून साधारण तीस सेकंद धरायची, झटके द्यायचे नाहीत. पोटरी आखडली की टाच टेकत नाही, आणि मग ताकद आली तरी पाय नीट पडत नाही. जखम भरल्यावर डॉक्टरांनी हो म्हटलं की रोज थोडा वेळ पालथं झोपवा, त्याने खुबे वाकलेले राहत नाहीत.

त्यानंतर बसणं, बसून तोल सांभाळणं, उभं राहणं, आधाराने पाऊल. हा क्रम मोडू नका. उभं राहायची घाई म्हणून बगलेत धरून ओढत चालवणारे बाबा मी पाहते. त्यांची तळमळ मला कळते, पण अशाने मुलाचे गुडघे मागे झुकायची सवय लागते आणि ती मोडायला महिने जातात. स्टँडिंग फ्रेममध्ये, म्हणजे उभं राहायला आधार देणाऱ्या चौकटीत, रोज उभं केलं तर हाडं मजबूत राहतात, खुबे जागेवर राहतात, शौचही साफ होतं. चालणं पुढे आलं किंवा नाही आलं, उभं राहण्याचा फायदा होतोच.

आता त्या जाणिवेच्या तंतूंकडे परत येऊ. ताकद आली आहे, पाय उचलतो, तरी मूल वेड्यावाकड्या ढांगा टाकतं, डोळे मिटले की कोलमडतं. असं का, असं आईबाबा विचारतात. पाय कुठे आहे हे मेंदूला कळत नाही, म्हणून मूल डोळ्यांनी बघून पाय टाकत असतं. अंधारात ते पडतं. रात्री संडासापर्यंतच्या वाटेवर दिवा चालू ठेवा, लाइट गेली तर हाताशी टॉर्च असू द्या, आंघोळ करताना तोंडाला साबण लावून उभं राहू देऊ नका. व्यायामात मोठ्या आरशासमोर उभं करतो, फरशीवर खडूने पावलं काढतो, घोट्याला थोडं वजन बांधतो. ही जाणीव ताकदीपेक्षा सावकाश सुधारते. काही मुलांत पूर्ण परत येत नाही, तेव्हा मेंदू डोळ्यांच्या मदतीने चालायला शिकतो आणि ते चालणंही उपयोगाचं असतं.

मुलांकडून व्यायाम मोजून करून घेता येत नाहीत, खेळातून करून घ्यावे लागतात. फुगा डोक्यावरून टोलवणं म्हणजे बसून तोल. कॅरम उभं राहून खेळला की पाय आणि पाठ दोन्ही कामाला लागतात. भिंतीवर उंच चिकटवलेले स्टिकर काढायला लावा. गणपतीत आरतीला टाळ्या वाजवत उभं राहू दे, तोही व्यायामच. रोज थोडा थोडा वेळ दोन-तीनदा केलेलं, रविवारी दोन तास दमवण्यापेक्षा कितीतरी चांगलं.

पाय कडक होत असतील, झटके येत असतील तर बॅक्लोफेनसारखं औषध देतात. तेही अचानक बंद करायचं नाही. जळजळ, मुंग्या, चादर लागली तरी दुखणं, ही नसांची वेदना असते. साध्या पॅरासिटामॉलने ती जात नाही, गॅबापेंटिनसारखी वेगळी औषधं लागतात. मूल कारण नसताना रडतंय असं समजू नका.

घोट्याचा प्लास्टिकचा स्प्लिंट, म्हणजे एएफओ, मापाचाच करून घ्या. काढल्यावर उमटलेली लाली वीस-तीस मिनिटांत गेली नाही तर तो कुठेतरी टोचतोय. मूल वाढतं, स्प्लिंट वाढत नाही. सहा महिन्यांनी तपासा.

सर्वात भराभर सुधारणा पहिल्या सहा महिन्यांत ते वर्षात दिसते, नंतर ती मंदावते पण थांबते असं नाही. मुलाला तारीख देऊ नका. ‘दिवाळीपर्यंत पळशील’ असं सांगितलेलं मूल दिवाळीनंतर व्यायामच करायचं सोडतं. त्यापेक्षा या आठवड्यात त्याला काय नवं जमलं ते त्याला दाखवा.

पुण्यात मुलांच्या पुनर्वसनासाठी केईएममधलं टीडीएच केंद्र, संचेती, भारती, ससून, दीनानाथ अशा ठिकाणी फिजिओ आणि ऑक्युपेशनल थेरपीचे (रोजची कामं करायला शिकवणारे) विभाग आहेत. नावापेक्षा तीन गोष्टी बघा: तिथे मुलांचं काम रोज चालतं का, घरी काय करायचं ते तुम्हाला शिकवतात का, आणि तुमच्या घरापासून नियमित जमेल इतकं ते जवळ आहे का. मेट्रोच्या स्टेशनांवर लिफ्ट आहेत, त्यामुळे शिवाजीनगर, पुणे स्टेशन, रुबी हॉल भागात जाणाऱ्या व्हीलचेअरवाल्या मुलांना रिक्षापेक्षा ती सोयीची पडते.

पायरी ८ : कणा आणि एमआरआय

गाठ परत आली नाही, पाय सुधारले, आणि तीन वर्षांनी पाठीला बाक आला, असं घडू शकतं. वय लहान, बरेच मणके उघडलेले, कमान काढून टाकलेली, किंवा रेडिएशन मिळालेलं असेल तर धोका जास्त. महिन्यातून एकदा, शर्ट काढून, त्याच दारासमोर मुलाचा पाठीमागून आणि बाजूने फोटो काढा. खांदे वरखाली, एका बाजूची कंबर जास्त आत, मान पुढे, असं दिसलं तर दाखवा. डॉक्टर सांगतील तसा उभ्याने किंवा बसवून एक्सरे, आणि हे उंची वाढायची थांबेपर्यंत.

पहिला एमआरआय ऑपरेशननंतर लवकर, मग बहुतेकदा दर तीन ते सहा महिन्यांनी, पुढे अंतर वाढत जातं पण वर्षानुवर्षं चालतं. लहान मुलांना भूल द्यावी लागते, उपाशी किती वेळ ठेवायचं ते आदल्या दिवशी नक्की करा. दोन एमआरआयच्या मध्ये रात्री झोपेतून उठवणारी पाठदुखी, चालण्यात बदल, मान एका बाजूला कलणं, किंवा कोरडं राहणारं मूल पुन्हा ओलं होऊ लागणं, यांपैकी काही दिसलं तर तारखेची वाट बघू नका.

पायरी ९ : कागदपत्रं आणि पैसे

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, पण यादीतल्या रुग्णालयांत आणि यादीतल्या उपचारांनाच. रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राला भेटा, हेल्पलाइन १५५३८८. डिस्चार्जनंतरची फिजिओ, नळ्या, स्प्लिंट यांचं काय, हे त्यांना स्पष्ट विचारा, कारण महिन्यामहिन्याला खरा पैसा तिथे जातो. धर्मादाय रुग्णालयांत १०% खाटा निर्धनांसाठी आणि १०% दुर्बल घटकांसाठी राखीव असतात. उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन तिथल्या समाजसेवकांकडे जा, मागितल्याशिवाय मिळत नाही.

अशक्तपणा रेंगाळला तर स्वावलंबन पोर्टलवर दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डासाठी अर्ज करा. तपासणी औंधचं जिल्हा रुग्णालय किंवा ससूनमध्ये होते. सुधारणा चालू असेल तर ठरावीक मुदतीचं प्रमाणपत्र मिळतं. ते काढणं म्हणजे आशा सोडणं आहे, असं मानणारे आईबाबा भेटतात. मी त्यांना सांगते, आज काढा, उद्या मूल पळायला लागलं तर कार्ड कपाटात राहील. ४०% किंवा त्यावर दिव्यांगत्व असेल तर एसटीच्या भाड्यात सवलत मिळते, आणि एडिप योजनेतून व्हीलचेअर, कॅलिपर यांसारख्या साधनांना मदत.

पायरी १० : शाळा

सर्जननी परवानगी दिली की आधी अर्धा दिवस, मग पूर्ण. जाण्याआधी एकदा मुख्याध्यापकांना भेटा आणि चारच गोष्टी पक्क्या करा: वर्ग तळमजल्यावर, नळीसाठी कडी लागणारी स्वच्छ जागा, दप्तर नेणारा एक मित्र, आणि पीटीच्या तासाला मुलाला वर्गात एकटं न बसवता गुण लिहायचं किंवा शिट्टीचं काम. शाळा नाही म्हणत असेल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ४०% किंवा त्यावर दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे, हे त्यांना सांगा. शाळेत जाता येत नाही तोवर समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून घरी येणारे विशेष शिक्षक मागता येतात. दहावीला दिव्यांग प्रमाणपत्र असलेल्या मुलाला ताशी २० मिनिटं जादा आणि गरजेप्रमाणे लेखनिक मिळतो, त्याचा अर्ज शाळेमार्फत वेळेत करावा लागतो.

वर्गातली मुलं प्रश्न विचारणारच. काय सांगायचं ते मुलाबरोबर आधी ठरवा, त्याच्याच शब्दांत: ‘माझ्या पाठीत गाठ होती, डॉक्टरांनी काढली, म्हणून पाय हळू चालतो, हा आजार तुला लागणार नाही.’ घरातल्या भावंडालाही हेच सांगा. दवाखान्याच्या धावपळीत त्याला आत्याकडे ठेवलेलं असतं आणि कुणी काही समजावलेलं नसतं. त्याला एखाद्या दिवशी फिजिओला बरोबर आणा, फुगा टोलवायला दुसरं मूल आम्हाला हवंच असतं.

मूल दहा-बारा वर्षांचं झालं की ओपीडीत तुम्ही थोडं मागे बसा. कोणतं ऑपरेशन झालं, कोणती औषधं चालू, दिवसातून किती वेळा नळी, शेवटचा एमआरआय कधी, हे त्याला डॉक्टरांना सांगू दे. अठराव्या वर्षी मुलांचे डॉक्टर बदलून मोठ्यांचे येतात, तेव्हा हे सगळं त्यालाच सांगायचं असतं.